तोल सावरेपर्यंत थांबलेला ढोल

ढोल वाजवणाऱ्या वहिनींची आणि आमची ओळख एका भिंतीमुळे झाली. भिंतीच्या अलीकडे आमचा प्रौढ साक्षरता वर्ग भरत असे आणि पलीकडच्या दालनात नाचाची तालीम चालत असे. फळ्यावर बाईंनी लिहिलेला शब्द आम्ही वाचू लागलो की पलीकडून थाप येई आणि अर्धा शब्द तोंडातच राही. वर्गातर्फे तक्रार करण्यासाठी ज्या दोघी गेल्या, त्यांत ही हकीकत लिहिणारी एक होती. दार वहिनींनीच उघडले. हातात काठ्या होत्या आणि चेहरा लालबुंद होता. आमचे म्हणणे पुरते होण्याच्या आत त्या म्हणाल्या, "मी वाजवते म्हणून तुम्हाला वाचता येत नाही. आणि मला इथे कुणी धड वाजवू देत नाही. तक्रार कुणाकडे करायची ते कळलं तर मलाही सांगा."

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतला चहा एकत्र होऊ लागला. पुढील हकीकत त्या चहाच्या वेळी त्यांच्याच तोंडून समजली आणि तिचा शेवट आम्ही प्रत्यक्ष पाहिला. त्यांना वहिनी म्हणण्याचा अधिकार खरे तर एकाच व्यक्तीला होता, तो म्हणजे त्यांच्या नणंदेला. परंतु तिचे ऐकून नाचणारी मुले, दिवेवाला, पहारेकरी आणि अखेर आमचा संपूर्ण वर्ग त्यांना वहिनीच म्हणू लागला. यावरही त्यांची तक्रार होतीच. "एक नणंद सांभाळताना नाकी नऊ आले," त्या म्हणत, "आता हे दीर कुठे ठेवू?"

वहिनी दिवसा कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात कामाला जात. हॉटेलांच्या चादरी तेथे गठ्ठ्यांनी येत. चादर गरम रुळांमधून बाहेर पडली की दोघींनी दोन टोके धरायची, झटका द्यायचा, चालत एकमेकींजवळ यायचे आणि घडी मारायची. अनेक वर्षे हे काम केल्यामुळे त्यांचे खांदे रुंद झाले होते आणि मनगटात विलक्षण जोर आला होता. वाफेमुळे चेहरा सदैव तांबूस दिसे. अनोळखी माणसाला वाटे की या बाई आत्ताच कोणाशी तरी भांडून आल्या आहेत. पुष्कळदा ते खरेही असे.

ढोल त्यांना वडिलांकडून मिळाला होता. वडील शाळांच्या मैदानावर कवायतीसाठी ठेका देत. मुले रांगेने चालत, वळत, आणि वडील एका बाजूला खांबासारखे उभे राहून वाजवत. एखादे मूल अडखळले, एखाद्याचा बूट निघाला, किंवा खुद्द मास्तर मागे पडले, तरी त्यांचा हात थांबत नसे. "ज्याला पाय मिळवायचा तो मिळवील, मी काय पायाच्या मागे धावू?" असे ते म्हणत. त्यांनी मुलीच्या हातात काठ्या दिल्या आणि मुलीनेही त्या तशाच बिनमुरवत चालवल्या. लग्न झाले तेव्हा ढोल तिच्याबरोबर सासरी आला.

सासरची माणसे अत्यंत सज्जन होती, आणि वहिनींच्या मते त्या घराचा मुख्य दोष हाच होता. तेथे कोणीही कोणाच्या आधी काही करत नसे. दोघे एकदम दाराशी आले की "व्हा पुढे" आणि "छे छे, तुम्ही व्हा" यात दोघेही बाहेरच राहत. ताटे वाढलेली असत, आणि पहिला घास दुसऱ्याने घ्यावा म्हणून प्रत्येक जण पाण्याच्या पेल्याशी चाळा करत बसे. वहिनींचे पती कुलपे दुरुस्त करत. गिऱ्हाइकाने आधी बोलावे म्हणून ते गप्प राहत आणि त्यांनी आधी विचारावे म्हणून गिऱ्हाईक गप्प राही. "एक माणूस तर कुलूप तसंच घेऊन परत गेला," वहिनी सांगत. "यांना वाटलं, तो नुसता बघायला आलाय!"

सुरुवातीला वहिनी सर्वांच्या आधी उठत, आधी बोलत, आधी जेवत. त्याबद्दल त्यांना कोणी कधी टाकून बोलले नाही. सर्व जण केवळ हातातले काम थांबवून त्यांच्याकडे पाहत. भांडण करून जे साधले नसते ते त्या पाहण्याने साधले. हळूहळू वहिनीही दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून हात हलवायला शिकल्या. ढोल कपाटावर गेला आणि त्यावर जादा उशा-रजया येऊन बसल्या.

नणंद धाकटी होती. लहानपणी मूठभर होती म्हणून घरात तिला चिमणी म्हणत. पुढे ती इतकी उंच झाली की घरातल्या प्रत्येक चौकटीशी तिला वाकावे लागे, तरी नाव तेच राहिले. तिने लग्न केले नाही, ती नाचाच्या मागे लागली. तिच्या नाचाला समकालीन नृत्य म्हणतात. त्यात गोष्ट नसते, दागिने नसतात, आणि चेहऱ्यावर हसू असावेच असाही नियम नसतो. अंगाला काय वाटते ते अंगानेच सांगायचे असते, असे चिमणीने आम्हाला समजावून दिले. वहिनींचे मत थोडे वेगळे होते. "उठतात, पडतात, लोळतात, पुन्हा उठतात. एवढं लोळून त्या दालनाची फरशी मात्र कधी नव्हे ती स्वच्छ झाली."

या नाचाचा दिग्दर्शक एक बारीक, दाढीवाला, सतत मान चोळणारा गृहस्थ होता. त्याला सर्व जण सर म्हणत. सरांना नव्या प्रयोगासाठी यंत्रातले संगीत नको होते. रंगमंचावर, नाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, खरा ढोल वाजला पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. तेव्हा चिमणी म्हणाली, "आमच्या कपाटावर एक ढोल आहे, सर. आणि कपाटाखाली एक वहिनी आहे."

अशा प्रकारे रजया खाली आल्या. वहिनींनी ढोलाचे चामडे तपासले, दोऱ्या ताणल्या आणि एक थाप दिली. घरातले सर्व जण थांबून पाहू लागले. वहिनींनी दुसरी थाप दिली. त्या क्षणाबद्दल त्या एकदाच बोलल्या, आणि तेवढ्यापुरता त्यांचा आवाज खाली आला होता. "बाकी घरात जे आहे ते सगळ्यांचं आहे. ढोल तेवढा माझा आहे. तो पुन्हा वर गेला तर मी त्याच्याबरोबर वर जाऊन बसेन."

तालमी सुरू झाल्या आणि वैतागही सुरू झाला.

नाचाच्या मध्यापासून पुढे एक जागा वारंवार येत असे. बाकीची मुले कमरेत वाकून स्थिर राहत, आणि चिमणी एका पायावर तोल सांभाळून, हात पसरून उभी राही. ढोलावर मोठी थाप पडली की तिने झेप घ्यायची. ही थाप केव्हा द्यायची, असे वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारले होते. सर म्हणाले, "तुम्ही तिच्याकडे बघा. तुम्हाला आतून कळेल." चिमणीने विचारले, "मी झेप केव्हा घ्यायची?" सर म्हणाले, "तू वहिनींना ऐक. तुला आतून कळेल." दोघींनाही हे पटले, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथेच होते.

वहिनी चिमणीचा तोल पूर्ण सावरेपर्यंत थांबू लागल्या. नणंद आहे, पडली बिडली तर काय घ्या, असे त्यांच्या मनात येई. चिमणीला वाटे की वहिनींचे मनगट दिवसभराच्या चादरींनी दुखत असेल, त्यांना काठी उचलायला सवड हवी. म्हणून ती आणखी थोडी एका पायावर उभी राही. ती उभी आहे म्हणजे अजून सावरलेली नाही, असे समजून वहिनी काठी हवेतच धरून ठेवत. वाकलेल्या मुलांपैकी कोणीतरी कण्हल्यासारखे बोले, "वहिनी, वाजवा हो! कंबर गेली माझी." वहिनी उत्तर देत, "मला काय सांगतोस? तिला सांग उडायला." चिमणी एका पायावरूनच म्हणे, "मी केव्हाची तयार आहे!"

नाच दर तालमीला लांबत गेला. दिवेवाल्याने दिवे केव्हा लागावे आणि केव्हा विझावे हे यंत्रात आधीच भरून ठेवले होते. एके दिवशी शेवटचा दिवा विझला तेव्हा मुले अजून मध्यावर वाकलेली होती. अंधारात सरांचा आवाज आला, "दिवे कुणी घालवले?"

"संपला ना तुमचा नाच," वरून दिवेवाला म्हणाला.

"संपला नाही!"

"मग केव्हा संपणार? मला घर आहे, सर."

सरांनी मुलांना आळशी ठरवले. मुलांनी फरशी गुळगुळीत असल्याचे सांगितले. पहारेकरी किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहू लागला. अखेर दिवेवाल्यानेच दोष दाखवून दिला. तो शिडीवर उंच बसे, म्हणून त्याला दोघी एकदम दिसत. "ही तिच्यासाठी थांबते आणि ती हिच्यासाठी थांबते," तो म्हणाला. "तुम्ही दोघी एकमेकींना मान देत बसा. मी दिवे घालवून जातो."

हे ऐकताच सरांनी मान चोळणे थांबवले. "वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले, "पण असंच चाललं तर मी ढोल काढून टाकीन. ठेका एकदा यंत्रात भरायचा आणि तो लावायचा. यंत्र कुणाचा मान राखत नाही."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परंतु सरांना आणखी काही बोलायचे असेल, म्हणून त्या थांबल्या. सवय अंगात किती मुरते याचे हे उदाहरण आहे.

त्या संध्याकाळी घरी नणंद-भावजयींचे बोलणे झाले. ते वहिनींनी सांगितले तसेच येथे देत आहे.

"चिमणे, उद्यापासून तू माझ्याकडे बघू नकोस. तुझी तू उडी मार."

"तसं कसं? तुला त्रास होईल. तूच वाजव, मी येते मागून."

"अगं, तू मागून येतेस म्हणून तर हे झालं!"

"वहिनी, तू चिडू नकोस. तू म्हणशील तसं."

"मी म्हणते, मी म्हणेन तसं करू नकोस!"

पतींनी आतून विचारले, "मी काही बोलू का?" दोघी एकदमच "नको" म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी दोघींचे एकदम काही झाले ते एवढेच.

दुसऱ्या दिवशी वेगळाच प्रकार घडला. वहिनींनी मनाशी ठरवले की चिमणीसाठी थांबायचे नाही. चिमणीनेही मनाशी तेच ठरवले. मात्र आपण ठरवले आहे हे एकमेकींना सांगण्याची भीड दोघींना पडली. चिमणी तोल सावरण्याआधीच उडू लागली आणि वहिनी ती उडण्याआधीच थाप देऊ लागल्या. वाकायला सवडच न मिळाल्यामुळे मुले एकमेकांवर आपटली. नाच इतक्या लवकर संपला की दिवे लागलेलेच राहिले आणि त्या लख्ख उजेडात सर्व जण धापा टाकत एकमेकांची तोंडे पाहत बसले. दिवेवाला वरून म्हणाला, "आता काय करू? पुन्हा चालवता, की मी जेवून येऊ?"

सरांनी कपाळाला हात लावला. आवाज भरून घेण्याच्या खोलीत दुसऱ्याच दिवशी जायचे ठरले. वहिनींनी नाही म्हणायला हवे होते. त्यांचे म्हणणे असे की सरांचा चेहरा इतका दमलेला दिसत होता की नकार तोंडातून बाहेर येईना. स्वतःच्या हाताने स्वतःच्या ढोलाला निरोप द्यायला त्या काठ्या पिशवीत घालून निघाल्या.

ती खोली लहान होती, भिंतींना जाड कापड लावलेले होते आणि काचेपलीकडे एक तरुण यंत्रज्ञ बसला होता. वहिनींनी वाजवायला सुरुवात केली. ठेका उत्तम चालला. काचेपलीकडून सरांनी अंगठा वर केला. मग चिमणीच्या झेपेची जागा आली. वहिनींनी काठी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

यंत्रज्ञाने यंत्र थांबवून विचारले, "बाई, काय झालं? विसरलात का?"

"नाही."

"मग वाजवा ना."

"ती अजून सावरली नाही," वहिनी म्हणाल्या.

"कोण?"

वहिनींनी समोर पाहिले. समोर कापड लावलेली भिंत होती. त्यांना इतकी शरम वाटली की चेहऱ्यावरचा तांबूसपणाही नाहीसा झाला. पुन्हा सुरुवात झाली, आणि त्या जागी आल्यावर काठी पुन्हा हवेत राहिली. तिसऱ्या खेपेला त्यांनी दातओठ खाऊन थाप दिली खरी, पण ती उशीर झालेल्या पाहुण्यासारखी बिचकत आली. सर आत आले. वहिनी मुद्दाम करत आहेत असा त्यांचा समज झाला होता.

"वहिनी, ढोल जाऊ नये म्हणून हे चाललंय का?"

"मुद्दाम करता आलं असतं तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या. "मुद्दाम थांबवताही आलं असतं मग. हात ऐकत नाही माझा! घरात इतकी वर्षं ज्यांच्यासाठी थांबले ते सगळे या हातात बसलेत." हे सांगताना वहिनी आमच्यासमोरही एवढ्या मोठ्याने बोलल्या की चहावाल्याने वळून पाहिले.

प्रयोग दोन दिवसांवर आला होता. नवे संगीत करायला वेळ नव्हता. तेव्हा सरांनी शेवटचे सांगितले: हा एक प्रयोग खऱ्या ढोलावर होईल, तो फसला तर पुढच्या प्रयोगांना ढोल असणार नाही आणि वहिनींनीही येण्याची तसदी घेऊ नये. चिमणी रडवेली झाली. "मी नीट करीन, वहिनी, मी तुझ्यासाठी..." ती म्हणू लागली. वहिनी ओरडल्या, "माझ्यासाठी काही करू नकोस, बाई! हात जोडते!"

वर्गाला झालेल्या त्रासाची भरपाई म्हणून सरांनी आम्हाला प्रयोगाचे पास दिले होते. आम्ही पुढच्याच रांगेत बसलो. पडदा वर गेला आणि प्रथम दिसली ती वहिनींची पाठ. ढोल आणि वहिनी, दोघांचीही तोंडे मागच्या भिंतीकडे होती. नाचणारी मुले त्यांना दिसणे शक्यच नव्हते. कडेला उभ्या असलेल्या सरांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी दोन्ही हात मानेवर नेले आणि ते तेथेच राहिले.

ठेका सुरू झाला. तो आम्ही भिंतीपलीकडून रोज ऐकत होतो, पण असा कधी ऐकला नव्हता. तो कोणाकडे पाहत नव्हता. मैदानावर खांबासारखे उभे राहून वाजवणाऱ्या माणसाची ती मुलगी होती, हे त्या रुंद पाठीकडे पाहून आमच्या ध्यानात आले. झेपेची पहिली जागा आली. वहिनींचे खांदे क्षणभर ताठ झाले. पुढे त्यांनी सांगितले की मान वळवण्याची इच्छा आवरताना त्यांना घाम फुटला होता. नंतर थाप पडली. चिमणी तयार नव्हती. ती उशिरा उडाली, वेडीवाकडी उतरली आणि तिने वहिनींच्या पाठीकडे अशा नजरेने पाहिले की आमच्या वर्गातील एक आजी पुटपुटल्या, "आता घरी काही खरं नाही."

पाठीला ती नजर दिसली नाही. दुसरी थाप पडली, तिसरी पडली. चिमणीला राग आला. तिला इतका राग आलेला घरात कोणी पाहिला नव्हता, कारण त्या घरात रागसुद्धा दुसऱ्याला आधी यावा म्हणून सारे थांबत असत. ती थापेच्या मागे धावली, थापेच्या पुढे गेली, एकदा थाप पडून गेल्यावर सावकाश, जणू हिणवत, उतरली. पुढच्या वेळी मात्र ती आणि थाप एकाच क्षणी जमिनीवर आली आणि आमच्या पायाखालची फळी हादरली. बाकीची मुले वाकायचे विसरून पाहत राहिली. दोन जागा पुढे पुन्हा चुकल्या. असे व्हायला नको होते, हे खरे आहे. परंतु शेवटची थाप पडली, चिमणी उतरली आणि दिवे विझले, ते त्यांच्या ठरलेल्या वेळी विझले. वरून दिवेवाल्याचा "हुश्श" सभागृहभर ऐकू गेला.

टाळ्या पुष्कळ झाल्या. मागच्या बोळात चिमणी घामाने निथळत आली आणि वहिनींसमोर उभी राहिली.

"तू मला टाकून पुढे गेलीस."

"गेले."

"मी पडले असते."

"पडली असतीस तर उठली असतीस. तुमच्या नाचात दुसरं असतं काय?"

चिमणी हसली नाही. तिने पायाची पट्टी सोडली, गुंडाळली आणि मग म्हणाली, "उद्या मी तुला टाकून जाते बघ."

"जाऊन तर दाखव," वहिनी म्हणाल्या.

सरांना कोणीतरी पाहुण्याने विचारले की ढोलवाल्या बाई पाठमोऱ्या बसवण्याची कल्पना कशी सुचली. सरांनी दाढीवरून हात फिरवला आणि दोन जीव एकमेकांकडे न पाहता एकमेकांना कसे शोधतात हे त्यांच्या मनात सुरुवातीपासून होते, असे सांगितले. वहिनी तेथेच उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि कपाळावर अशी थाप मारली की तीही ऐकू आली. पण ढोल राहिला. पुढचे सर्व प्रयोग त्यावरच झाले, आणि आमच्या वर्गाच्या वाचनाचे हाल आजतागायत चालू आहेत.

खरी गोष्ट अशी होती की प्रयोगाआधी रंगमंचावर कोणी नसताना जड लोखंडी घोडीवर बसवलेला तो ढोल वहिनींनी एकटीने हलवून पाहिला होता आणि तो त्यांना हलला नव्हता. तेवढ्यात दिवेवाला शिडीवर चढायला निघाला. वहिनींनी त्याला हाक मारली आणि म्हटले, "दादा, हा ढोल मागे तोंड करून ठेवायचाय. जरा हात लावा."